सदरच्या चर्चमधली छोटी पितळी पाटी

"बाई, तुले इंग्रजी अक्षरं वाचता येतात ना वं?" आबाने मले एका सकाळी चहा पिता पिता विचारलं.

"अक्षरं येतात," मी म्हटलं. "अर्थ नाही लागत सगळा."

"अर्थ नाही पायजे. नाव पायजे."

आमचं नागपूरले जायचं असं ठरलं. म्हणजे माझं. आबाले आता जाणं होत नाही. एका डोळ्यात मोतीबिंदू पिकला, दुसऱ्यातून दिसते ते बी धुरातून पाहिल्यासारखं, अन् गुडघे तर बसची पायरी पाहूनच नाही म्हणतात.

आबा म्हणजे माझ्या मायचा बाप. आता मौद्याले आमच्याजवळ राहते. पण त्याची सगळी जिंदगी नागपुरातल्या सदर भागात गेली, इंग्रजांच्या काळातल्या एका चर्चमध्ये. चर्चचं नाव मी लिहीत नाही, आता तिथे काम करणाऱ्या काकाले तसं कबूल केलं आहे. आबा तिथे चाळीस वर्षं कामाले होता. झाडझूड, बाकं पुसणं, घंटा वाजवणं, अन् दर शनिवारी भिंतीवरच्या पितळी पाट्या घासणं. आम्ही ख्रिस्ती नाही. आबाच्या बापाने नागपूरले दीक्षा घेतली होती, घरात बुद्धाचा फोटो आहे. मोहल्ल्यातले लोक आबाले चिडवत, "काहून गा, तू बी ख्रिस्ती झाला का?" आबा म्हणे, "मी पितळ घासतो. पितळेले कुठं जात-धरम असते?"

त्या पाट्यांमधली एक पाटी लहान होती, कोपऱ्यात. आबाले वाचता येत नाही. पण तेव्हाच्या म्हाताऱ्या पाद्री साहेबाने त्याले एकदा सांगितलं होतं का ही एका लेकराची आहे, इंग्रज साहेबाची पोरगी, चार वर्षांची होऊन तापाने गेली. नाव बी सांगितलं होतं. आबा विसरला. अन् पुन्हा विचारायची त्याले लाज वाटली. एक महिना गेला, मग एक वर्ष गेलं, मग तर विचारणं अजूनच कठीण झालं. हे मले बरोबर समजते. मी नववीत शाळा सोडली ती अशीच. सरांनी इंग्रजीचा धडा उभं राहून वाचायले लावला, माझा आवाजच निघाला नाही, दुसऱ्या दिवशी गेली नाही, तिसऱ्या दिवशी जायले अजून भेव वाटलं. आता घरी साड्यांना फॉल-पिको करते.

आबाची पहिली पोरगी लता, माझ्या मायची मोठी बहीण, ती बी चार वर्षांचीच होऊन गेली. सदरले चर्चच्या मागच्या खोलीत राहत होते तेव्हा. तिचा फोटो नाही, कागद नाही, नदीकाठी पुरली तिथे आता काहीच नाही. घरात तिचं नाव कोणी काढत नाही. म्हणून आबा त्या छोट्या पाटीले दर शनिवारी दोनदा घासे. एकदा सगळ्यांसोबत, अन् एकदा शेवटी, सगळं झाल्यावर.

"चाळीस वर्षं तिचं तोंड पुसलं," आबा म्हणाला, "अन् तिले काय म्हणू, थे मालूम नाही. मराच्या आधी एकडाव नाव घेतो म्हटलं."

जाणं

ज्यांना जायचं आहे त्यांच्यासाठी सांगते. मौद्याहून नागपूरले बस सतत भेटते, बाईमाणसाले अर्धं तिकीट आहे, सकाळी निघालं तर सव्वा-दीड तासात पोचता. भंडारा रोड चांगला झाला आहे, पण पारडीजवळ गाडी रांगतच जाते. मी रविवारी गेली, कारण आबा म्हणे रविवारी चर्च पक्कं उघडं असते. सोबत डब्यात पोळी-भाजी, पाण्याची बाटली, पेन्सिल, अन् माझा शिवणकामाचा पातळ कागद, ज्याच्यावर मी डिझाइन उतरवते. आबाने सांगितलं होतं, "नाव लिहूनच नको आणू, छाप आण. मले हात लावाचा आहे." पाटीवर कागद ठेवून वरून पेन्सिल आडवी घासली का अक्षरं उमटतात. कोरलेलं असते ते पांढरं राहते, बाकी सगळं काळं होते. हे काम मले येते.

बसमध्ये बाजूच्या काकू विचारून राहिल्या, "एकटीच चालली का वं? लगन-बिगन आहे का?"

"चर्चमध्ये," मी म्हटलं.

त्यांनी माझ्याकडे वरून खालपर्यंत पाहिलं अन् आपली पिशवी मांडीवर घेतली. पारडी आली तेव्हा त्यांनीच त्या पिशवीतून एक संत्रं काढून दिलं.

बसस्टँडवरून मी मेट्रोने कस्तुरचंद पार्कले उतरली. ऑटोवाले एकटी पोरगी पाहून जास्त सांगतात अन् मले घासाघीस करता येत नाही. मेट्रोच्या मशीनसोबत बोलावं लागत नाही, हे भल्ली चांगली गोष्ट आहे. तिथून सदर पायी. रस्त्यात एका ठेल्यावर तर्री-पोहा खाल्ला. तर्री एवढी तिखट का डोळ्यात पाणी आलं. कुठून आली विचारलं, मी मौदा म्हटलं तर ठेलेवाला हसला, "तिकडे बी असंच असते ना पोरी, मग रडते काहून?" पण खा तुम्ही, सदरले गेले तर खाच.

फाटक

सदरची सगळी दुकानं, मोबाइलचे बोर्ड, शोरूम, अन् त्यातच एकदम एक कंपाउंड लागते. आत मोठमोठी झाडं. गाड्यांचा आवाज फाटकाजवळच मागे राहते. आत गाणं चालू होतं. मी फाटकाजवळ उभी राहिली. आत जाऊ का नाही. कोणी विचारलं तर काय सांगू. मी पुढे गेली, झेरॉक्सच्या दुकानापर्यंत, मग मागे आली. मग पुन्हा पुढे गेली. तिसऱ्यांदा झेरॉक्सवालाच म्हणाला, "क्या चाहिए बेटा?" मग मले आत जावंच लागलं, कारण त्याले उत्तर देण्यापेक्षा ते सोपं होतं.

मागच्या बाकावर बसली. प्रार्थना हिंदीत होती. आत थंडगार. भिंती एवढ्या जाड का खिडकीत माणूस झोपू शकते. आबाने मले लहानपणापासून एवढं सांगितलं होतं का सगळं ओळखीचंच लागलं. बाकाच्या लाकडात खाचा आहेत, तिथे गोरे शिपाई बंदुका टेकवून ठेवत. सत्तावनच्या गदरनंतर ते चर्चमध्ये बी बंदुका घेऊनच येत, असं आबा म्हणते. छताले लोखंडी कड्या आहेत, त्याले कापडाचे लांब पंखे लटकत. अन् भिंतीत वरती एक गोल भोक आहे, मुठीएवढं. त्यातून पंख्याची दोरी बाहेर वऱ्हांड्यात जाई. बाहेर बसून आपला माणूस ती ओढे. आबा हे सांगताना नेहमी म्हणे, "त्याले आतलं कधी दिसलं नसन गा. दोरी तेवढी दिसे." मी गाणं सोडून त्या भोकाकडेच पाहत बसली.

अन् पाट्या. दोन्ही भिंतींवर, दगडाच्या अन् पितळेच्या. अक्षरं जुळवत जुळवत मी वाचलं. कोणी साहेब कॉलराने. कोणी बाळंतपणात, एकवीस वर्षांची, म्हणजे माझ्यापेक्षा चार वर्षांनी मोठी. मौदा काय अन् विलायत काय, माणसं तशीच मरतात. फक्त ह्यांची नावं भिंतीवर आहेत.

पाटी

प्रार्थना संपली. लोक बाहेर चहा प्यायले गेले. मी कोपऱ्याकडे निघाली तर मागून आवाज आला, "काय शोधून राहिली बेटा?"

पांढरे केस, हातात चाव्यांचा गुच्छा. हे सायमन काका, आबा कामावर असतानाच इथे लागलेले. मी मोबाइलमधला आबाचा फोटो काढून त्यांच्यासमोर धरला.

"अरे!" काकांनी चष्मा वर केला. "हा तर रामाजी! तू रामाजीची नात? जिंदा आहे म्हातारा?"

मी मान हलवली.

"त्याच्या टाइमले काय चमकत पाट्या! सोन्यासारख्या. शनिवारी त्याच्या बोटाले चिंचेचा अन् विटेच्या भुकटीचा वास. मी म्हणो, रामाजी, लिक्विड वापर गा, बाटली भेटते आता. तो म्हणे, लिक्विडने पितळ हसत नाही." काका स्वतःच हसले. "कोणती पाहायची तुले?"

"छोटी. लेकराची."

काकांनी चाव्या खिशात टाकल्या अन् मले घेऊन गेले.

पाटी माझ्या छातीच्या उंचीवर होती. एका वहीएवढी. बाकी पाट्यांपेक्षा जास्त चमकत होती, खिडकीतलं ऊन सगळं तिच्यावरच आल्यासारखं. मी जवळ गेली अन् मले माझं तोंड दिसलं. कपाळ, नाक, सगळं साफ. आरशासारखं.

अक्षरं नव्हती.

म्हणजे कडेले होती. खाली स्क्रूजवळ, जिथे बोट पोचत नाही, तिथे एक ओळ होती, अक्षरात हिरवं साचलेलं. मी वाचली. वय चार वर्षं दोन महिने. पण वरती मधात, जिथे नाव असते, वर्ष असते, तिथे काहीच नव्हतं. हात फिरवला तर पाण्यावर फिरवल्यासारखा. तिरपं होऊन पाहिलं, मोबाइलची बत्ती लावली. एका जागी एक उभी रेघ असल्यासारखी वाटली. ती बी ओरखडा निघाली.

"आम्ही हिले कोरी पाटी म्हणतो," सायमन काका हळू बोलले. "मी लागलो तेव्हाच अशी होती. चिंच अन् वीट, बेटा. बाकीच्यांवरची बी थोडी थोडी गेली आहेत, पण ही..."

दोनदा घासे ना आबा. सगळ्यांसोबत एकदा, अन् शेवटी एकदा.

काका मले पाद्री साहेबांकडे घेऊन गेले. तरुण आहेत, भले माणूस. त्यांनी कपाटातून एक फाइल काढली. कधीतरी कोणी सगळ्या पाट्यांची यादी टाइप करून ठेवली आहे, कोणत्या भिंतीवर कोणाचं नाव. छोट्या पाटीसमोर लिहिलं होतं का एक लहान पितळी पाटी, मजकूर वाचता येत नाही. कागद जुना, पिवळा. म्हणजे आबा नोकरीत होता तेव्हाच नाव गेलं होतं. त्यानंतर बी तो किती वर्षं घासत राहिला असन.

"जुन्या नोंदी विलायतेले जात," साहेब म्हणाले. "त्या काळच्या मरणाच्या. शोधता येते कधी कधी. वर्ष मालूम आहे का?"

मी नाही म्हटलं.

"आडनाव?"

नाही.

साहेबांनी फाइल बंद केली. "एका एका उन्हाळ्यात किती लेकरं जात त्यांची. आपली बी जात. नुसतं चार वर्षं म्हटल्यावर कुठून शोधायचं, सांग."

मी तिथेच म्हटलं, अन् मोठ्याने म्हटलं, ऑफिसात अजून चार माणसं होती तरी, "तिले आता कोणी घासू नका. खालची ओळ राहिली आहे."

साहेब काकांना म्हणाले, "नुसता कोरडा फडका मारत जा तिच्यावर." काकांनी मान हलवली.

मग मी छाप घेतली. कागद पाटीवर धरून पेन्सिल घासली. वरती सगळं काळं झालं, रात्रीसारखं एकसारखं काळं. खाली मात्र ओळ उमटली, पांढरी, बारीक. काकांनी कागदाचा कोपरा धरला होता. निघताना म्हणाले, "रामाजीले सांगू नको असं. म्हण का चमकते अजून. खोटं बी नाही ते."

येणं

सदरच्या चौकात मायले फोन लावला. ती हे सगळं ऐकून म्हणाली, "मग काही बी सांगून दे ना. मेरी सांग. इंग्रजांच्या सगळ्या पोरींचं नाव मेरीच असते. त्याले काय वाचता येते?"

"छाप दाखवावी लागन."

"मग तू नाही काढू शकत का वं चार अक्षरं? एवढे मोर काढते साडीवर."

काढू शकते. बसमध्ये खिडकीजवळ जागा भेटली. मी कागद मांडीवर उघडला, पर्समधून खोडरबर काढलं. काळ्यातून खोडरबरने पांढरी अक्षरं काढायची, एम, ए, आर, वाय. माझा हात साफ आहे, कोणाले समजलं नसतं. महालगावपर्यंत मी खोडरबर हातात धरून बसली. आबा मेरी मेरी म्हणत मरन, अन् ती मेरी नसन. दुसऱ्याच्या लेकराले मी नाव कसं देऊ? पण नाही दिलं तर आबाले सांगावं लागन का नाव कोणी मिटवलं. मौदा आलं तरी ठरलं नव्हतं. कंडक्टर ओरडला, "मौदा, मौदा! उतरा वं पोरी, झोपली का?"

आबा ओट्यावरच बसून होता. सकाळपासून बसला होता, माय म्हणाली. जेवला बी नव्हता.

"आणलं?"

मी कागद त्याच्या हातात दिला. त्याने तो डोळ्याजवळ धरला, मग लांब धरला.

"काय नाव आहे?"

माय दारातून माझ्याकडे डोळे मोठे करून पाहून राहिली होती. तोंडाने म्हणत होती, मेरी, मेरी. मी मायकडे पाठ केली.

"नाव नाही राहिलं आबा. घासल्या गेलं."

"कोणं घासलं?"

आबाने कागद मांडीवर ठेवला. मग आपला उजवा हात पाहिला, तळवा, मग बोटं. त्या बोटांची टोकं अजून बी गुळगुळीत आहेत, मोबाइलचं सिम घेताना त्याचा अंगठा मशीनवर उमटला नव्हता, तेव्हा आम्ही किती हसलो होतो.

"मले वाटे, चमकून राहिली," तो म्हणाला.

माय आत निघून गेली. गॅसवर काही नव्हतं तरी भांड्यांचा आवाज आला.

आबाने विचारलं, "काहीच नाही का राहिलं?"

मी त्याचं बोट धरून खालच्या ओळीवर ठेवलं. "हे आहे. चार वर्षं दोन महिने."

"दोन महिने," तो म्हणाला. "थे नव्हतं मालूम मले." मग बोटांवर काहीतरी मोजायले लागला. "आपली लता संक्रांतीच्या आसपास झालती. अन् गेली तेव्हा..." दोन-तीनदा मोजलं. अंगठा दर वेळी त्याच बोटावर जाऊन थांबे. "आपण नाही मोजले महिने. नुसते चार म्हणत राहिलो."

त्या दिवशी मी पहिल्यांदा आबाच्या तोंडून लतामावशीचं नाव मोठ्याने ऐकलं.

आता

ह्याले तीन आठवडे झाले. तुम्हाले जायचं असन तर सदरले जुनं चर्च विचारत जा. रविवारी प्रार्थनेच्या नंतर, चप्पल घालून चालते, फोटोले आधी विचारा, सायमन काकांना रामाजीचं नाव सांगितलं तर ते सगळं दाखवतात. भिंतीतलं भोक पाहा. छोटी पाटी उजव्या कोपऱ्यात आहे. हात लावू नका.

मले काय भेटलं, ते काही मले लिहिता येत नाही. फाटकातून तीनदा मागे फिरली, चौथ्यांदा आत गेली, एवढं आहे. अन् चार माणसांत एक वाक्य बोलली.

छाप आबाजवळच आहे. उशीखाली ठेवते. दुपारी माय झोपली का काढते अन् खालच्या ओळीवर बोट फिरवते, हळू हळू, डावीकडून उजवीकडे, जसा पाटी पुसे तसा. पेन्सिलचं काळं त्याच्या बोटाले लागते अन् बोटाचं पांढऱ्या अक्षरात उतरते. परवा पाहिलं तर महिने गेले होते. वर्षं बी अर्धी काळी झाली आहेत. चार तेवढे दिसतात.

मी मोबाइलमध्ये फोटो काढून ठेवला आहे. आबाले थांबवलं नाही.